जुनी फिरती आरागिरणी : पारख, दुरुस्ती व पहिला ओंडका

३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबा, फणस, नारळ व सुपारीच्या कित्येक बागा आडव्या केल्या. पुढील वर्षी १७ मे रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूने गेले, तेव्हा उपनगरांतील जुनी मोठी झाडेही उन्मळून पडली. अशा प्रसंगी चांगला इमारती ओंडकासुद्धा बहुधा जळाऊ लाकडाच्या भावाने जातो. ओंडका जड असतो, तो उचलून आरागिरणीपर्यंत नेण्यास मजुरी व भाडे फार लागते आणि दरम्यान पाऊस सुरू झाला की लाकडास कीड व बुरशी लागते. ओंडका गिरणीकडे न नेता गिरणीच ओंडक्याकडे नेता आली तर हे नुकसान पुष्कळ अंशी टळते. फिरत्या आरागिरणीचा उपयोग तो हाच.

नवे यंत्र एकट्या शेतकऱ्यास परवडत नाही, म्हणून जुन्याकडे लक्ष जाते. मुंबई उपनगरांत कुर्ला व साकीनाका ह्या भागांत जुन्या यंत्रसामग्रीचा व्यापार चालतो. तर अंधेरीतील मरोळ, घाटकोपर व मुलुंड येथे लेथकाम व झाळकाम करणारे लहान कारखाने आहेत. गोराई-मनोरीच्या शेतकऱ्यास काय किंवा वसई-पालघरच्या शेतकऱ्यास काय, यंत्र घेणे आणि दुरुस्त करविणे ही दोन्ही कामे येथे साधू शकतात. परंतु जुने यंत्र पाहण्यास जाण्यापूर्वी एक काम उरकले पाहिजे, आणि ते वन विभागाच्या कार्यालयातील आहे.

आरागिरणी चाकांवर आहे, आज येथे तर उद्या तेथे आहे, म्हणून तिला परवाना लागत नाही असा समज कोणी करून घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशापासून देशातील आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले. २०१६ साली केंद्र शासनाने लाकडावर आधारित उद्योगांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि परवान्याचा विचार राज्यस्तरीय समितीकडे सोपविण्यात आला. आयते चिरलेले लाकूड वापरणाऱ्या लहान सुतारशाळांना तीत सूट आहे. पण जेथे पट्टा करवत किंवा ३० सेंटिमीटरहून मोठ्या व्यासाची चकती करवत आहे, तेथे ती सूट लागू होत नाही. विक्रेत्याकडे परवाना असला तरी तो यंत्राबरोबर आपोआप आपल्या हाती येत नाही. शिवाय जागेचे वनहद्दीपासूनचे अंतरही विचारात घेतले जाते, आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या उपनगरांच्या मध्यभागी तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानच आहे.

झाडाचा प्रश्न निराळा. शहरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू असून मुंबईत महानगरपालिकेचे वृक्ष प्राधिकरण त्याप्रमाणे परवानगी देते. ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ ह्यांबरोबर आंबा, फणस, चिंच व जांभूळ ही परसातील झाडेही आहेत. वादळात पडलेले झाडही कोणाचे तरी असते. रस्त्यावरील झाड महानगरपालिकेचे, बांधावरील झाड खातेदाराचे. म्हणून पंचनामा, मालकीचा पुरावा व आवश्यक तेथे वाहतुकीचा पास हाती असल्यावाचून करवत लावू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चौकशी शेतकऱ्याने पैसे गुंतविण्यापूर्वी करून द्यावी. परवाना मिळण्यासारखा नसेल तर परवानाधारक गिरणीवाल्याकडून काम करवून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय, आणि पुढील माहिती त्याचे काम पारखण्यासही उपयोगी पडेल.

आता यंत्राकडे वळू. फिरत्या गिरणीचे मुख्य भाग थोडे आहेत. जमिनीवर दोन लांब रूळ व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांवर ओंडका निजवून आकड्यांनी घट्ट पकडतात. रुळांवरून एक गाडा पुढे सरकतो. गाड्यावर दोन चाके असून त्यांवरून दातेरी पोलादी पाते अखंड फिरते. इंजिन वा मोटर पट्ट्याच्या साहाय्याने ह्यांपैकी एक चाक फिरविते. ओंडका जागच्या जागी राहतो आणि करवत त्याच्यातून आडवी जाते. चकतीच्या मानाने पात्याचा लाभ असा की ते लाकूड कमी खाते. एका चिरेत चकतीने ५ मिलिमीटर व पात्याने २ मिलिमीटर भुसा होतो असे धरले, तर बारा चिरांमागे ३६ मिलिमीटर लाकूड वाचते, म्हणजे एक इंचाची आणखी एक फळी हाती येते.

जुने यंत्र विकणारा प्रथम इंजिन सुरू करून दाखवितो. इंजिनाचा आवाज ऐकून घेणारा खूष होतो आणि सौदा ठरतो. आमच्या मते ही पारख उलटी आहे. इंजिन बिघडलेले असले तरी ते दुरुस्त होते किंवा त्याच्या जागी दुसरे बसविता येते. परंतु रूळ पिळलेले असतील किंवा चाके वाकडी असतील, तर उत्तम इंजिन लावूनही सरळ फळी निघणार नाही. म्हणून इंजिन बंद ठेवून आधी सांगाडा तपासावा. पाणसळ, गुण्या, बारीक दोरी व मोजपट्टी एवढे साहित्य पुरे.

रुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधावी व मध्ये कोठे पोक किंवा खोलगा आहे काय ते पाहावे. थोडा बाक ठोकळे व पाचरी देऊन काढता येतो. पण रूळ अंगातच पिळला असेल तर यंत्र सोडून द्यावे. नंतर चाके हाताने फिरवावी. चाकाच्या कडेजवळ एक खडू स्थिर धरला असता त्याची रेघ सर्व घेरावर सारखी उमटली पाहिजे; एकाच बाजूस उमटल्यास चाक वा त्याचा दांडा वाकला आहे. चाक दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवावे. खटका जाणवला किंवा फिरविताना खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेले असे समजावे. बेअरिंग बदलणे हा मोठा खर्च नव्हे, मात्र त्याची बैठक झिजलेली असेल तर लेथवर नवे काम करवून घ्यावे लागेल. चाक बिडाचे असल्यास आरे व मध्यगाभा पुसून स्वच्छ करून तडा आहे काय हे पाहण्यास विसरू नये. तडा गेलेले चाक झाळून पुन्हा वापरणे धोक्याचे आहे.

पुष्कळशा लहान गिरण्यांत चाकाच्या खाचेत रबरी पट्टा बसविलेला असतो व पाते त्यावरून फिरते. हा पट्टा झिजून पाते लोखंडी कडेला घासू लागले की पाते लवकर तुटते. दोन्ही चाकांचे पट्टे एकदमच बदलावे.

जुन्या यंत्रात एक दोष नेहमी संभवतो आणि तो सहज ध्यानात येत नाही. आधीच्या मालकाने मूळचे इंजिन काढून दुसरे लावलेले असते, पण पुली तीच ठेवलेली असते. त्यामुळे पात्याची गती बिघडते. हिशेब सोपा आहे. चाकाचा व्यास ४८ सेंटिमीटर असेल तर त्याचा घेर सुमारे दीड मीटर होतो. लहान गिरणीत पात्याची गती मिनिटास सुमारे १५०० मीटर असावी, म्हणजे चाकाने मिनिटास १००० फेरे घेतले पाहिजेत. डिझेल इंजिन मिनिटास १५०० फेरे घेत असेल व त्याची पुली २० सेंटिमीटरची असेल, तर चाकावरील पुली ३० सेंटिमीटरची हवी : १५०० गुणिले २० भागिले ३० बरोबर १०००. मूळचे इंजिन ३००० फेऱ्यांचे असून त्याजागी १५०० फेऱ्यांचे बसविलेले असल्यास गती निम्म्यावर येते, पाते लाकडात अडखळते आणि मालक पात्याला दोष देतो. उलट प्रकारी गती दुप्पट होते व चाक फुटण्याचे भय असते. चाकावर वा यंत्राच्या पाटीवर कारखान्याने जास्तीत जास्त गती लिहिलेली असेल तर ती कधीही ओलांडू नये.

दुरुस्ती झाल्यावर यंत्र कठीण, निचऱ्याच्या जमिनीवर मांडावे. पावसाळ्यानंतरच्या भुसभुशीत जमिनीत ओंडक्याच्या भाराने रूळ एका बाजूस खचतात, म्हणून खाली जाड लाकडी ठोकळे द्यावे. रूळ पाणसळीत आणल्यावर पाते चढवावे. गुंडाळलेले पाते सोडताना ते स्प्रिंगसारखे उसळते; जाड हातमोजे व चष्मा घालूनच हे काम करावे व आजूबाजूस मुलांना उभे राहू देऊ नये. पात्याचे दात चाकाच्या कडेबाहेर राहिले पाहिजेत. दात रबरावर आले तर त्यांचा फाक मोडतो आणि रबरही कापले जाते. पात्याचा ताण यंत्राच्या माहितीपुस्तकाप्रमाणे द्यावा. त्यानंतर इंजिनाच्या ठिणगीची तार काढून, किंवा विजेची मोटर असल्यास मुख्य कळ बंद करून, चाके हाताने आठ-दहा वेळा फिरवावी. पाते दोन्ही चाकांवर एकाच जागी टिकून राहिले म्हणजे चाकांचा कल बरोबर आहे. मार्गदर्शक रुळ्यांनी पात्यास किंचित, साधारण ६ मिलिमीटर, खाली दाबलेले असावे आणि रुळीची मागील कड पात्याच्या पाठीपासून सुमारे ३ मिलिमीटर दूर असावी. शेवटी आडव्या पट्टीपासून पात्याची उंची दोन्ही बाजूंस मोजावी. ह्या दोन मापांत फरक असला तर पट्टीवर टेकलेली शेवटची फळी एका कडेस जाड निघेल.

पात्याचे दात आलटून पालटून डावीकडे व उजवीकडे किंचित वळविलेले असतात. हा फाक प्रत्येक बाजूस सुमारे अर्धा मिलिमीटर असतो. मऊ व ओल्या लाकडास थोडा अधिक आणि कठीण लाकडास थोडा कमी ठेवावा. साग दिसावयास मृदू वाटतो, परंतु त्याच्यात वाळूसारखे सिकताकण असल्यामुळे धार लवकर जाते. पात्यावर पाण्याची बारीक धार सोडावी म्हणजे डिंक व भुसा चिकटत नाही.

करवत आपला दोष फळीवर लिहून ठेवते, तो वाचावयास शिकले पाहिजे. फळीचा पृष्ठभाग लाटांसारखा खाली-वर झाला असेल तर पाते बोथट आहे, ताण कमी आहे, किंवा गाडा घाईने ढकलला जात आहे. पाते सतत एकाच बाजूस ओढत असेल तर त्या बाजूच्या दातांचा फाक किंवा धार अधिक आहे. ठराविक अंतरावर एकच खोल ओरखडा उमटत असेल तर एखादा दात वाकलेला आहे. तो शोधून कानशीने व पकडीने सरळ करावा. दातांच्या मुळाशी चिरा पडू लागल्या तर पाते बोथट असूनही पुष्कळ वेळ चालविले गेले आहे. असे पाते झाळून न वापरता बाजूस काढावे.

उपनगरांतील झाडांविषयी एक विशेष सूचना. रस्त्याकडेच्या गुलमोहर, पिंपळ व वर्षावृक्ष ह्या झाडांत जाहिरातीचे फलक व रोषणाईच्या तारा लावण्यासाठी ठोकलेले खिळे असतात, आणि झाड वाढत गेले की ते सालीखाली नाहीसे होतात. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात मिळणाऱ्या जुन्या इमारतींच्या तुळयांतही असेच खिळे असतात. धातुशोधक यंत्र फार महाग नाही. ते ओंडक्यावरून फिरवावे. लाकडावर निळसर काळा डाग दिसला तर तेथे लोखंड आहे असे समजून आधी कोरून पाहावे. खिळ्याने पाते जाते एवढेच नव्हे, पात्याचा तुकडा उडून माणसाच्या अंगात शिरू शकतो.

म्हणून झाकणे लावल्यावाचून इंजिन सुरू करू नये. धोतराचा सोगा, साडीचा पदर, उपरणे, गळ्यातील दोरा, हातातील बांगड्या व सैल बाही ह्यांचा फिरत्या चाकाजवळ काहीही संबंध असता कामा नये. भुसा हाताने न काढता काठीने काढावा, आणि तोही पाते पूर्ण थांबल्यावर. चालविणाऱ्याने पात्याच्या रेषेत उभे राहू नये. दोन माणसांपैकी एकानेच सुरू व बंद करण्याचा हुकूम द्यावा.

पहिला ओंडका लहान, सरळ व मऊ लाकडाचा निवडावा. सागाचा किंमती ओंडका शिकण्यासाठी नव्हे. त्याचे माप बाजाराच्या रीतीने आधीच घेऊन ठेवावे : घेराचा चतुर्थांश काढून त्याचा वर्ग करावा व लांबीने गुणावे. ४८ इंच घेर व १० फूट लांबी असेल तर चतुर्थांश १ फूट होतो आणि माप १० घनफूट भरते. चिरल्यावर फळ्यांचे घनफूट मोजून ह्याच्याशी ताडावे, म्हणजे साल, भुसा व वाकड्या चिरा ह्यांत किती गेले ते कळेल. पहिली चिर सालीचा एक पापुद्रा निघेल इतकीच घ्यावी. मग ओंडका सपाट बाजू खाली करून उलटावा, आणि चारही बाजू चौरस झाल्यावर फळ्या पाडाव्या. दोन-तीन फळ्यांनंतर यंत्र थांबवून दोन्ही टोकांस व मध्यभागी जाडी मोजावी आणि बेअरिंगला हात न लावता जवळ नेऊन उष्णता अजमावावी.

आंबा व वर्षावृक्ष ह्यांचे लाकूड चिरल्यावर पडू देऊ नये. मुंबईच्या दमट हवेत त्यावर थोड्याच दिवसांत बुरशीचे डाग पडतात व भुंगेरा भोके पाडतो. टाकणखार व बोरिक आम्ल ह्यांचे द्रावण फळ्यांना ताज्यापणीच द्यावे. मग जमिनीपासून हातभर उंच, एकावर एक सरळ रेषेत येणाऱ्या सारख्या जाडीच्या काठ्या मध्ये घालून, छपराखाली थर रचावे व वर वजन ठेवावे. टोकांना रंग किंवा मेण फासल्यास ती कमी फाटतात. दिवसाचे काम संपल्यावर पात्याचा ताण सैल करावा. ताणलेले पाते रात्रभर तसेच राहिले तर सकाळी चाकाच्या रबरावर खळगा पडलेला आढळतो.