शाळेतील चित्रांसाठी लाकडी चौकटी

आपल्या अनेक शाळांत भिंतीवरील चित्रांची अवस्था सारखीच दिसते. कागद खळीने थेट भिंतीला चिकटविलेला असतो. पावसाळ्यात त्यास ओल धरते, कडा सुटतात, कसर लागते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर उरलेला तुकडा झाडून टाकावा लागतो. ज्या मुलाने ते चित्र काढले तो हे सर्व पाहत असतो. पुढचे चित्र तो तितक्या मनाने काढीत नाही. यास्तव चौकटीस शोभेची वस्तू न समजता शालेय साहित्यच समजावे. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने मांडलेल्या योजनेत लाकूडकामास स्थान होते, ते अशाच उपयुक्त कामाच्या अपेक्षेने.

बारीक दात्यांची करवत, लहान रंधा, गुण्या, गिरमीट, हातोडी व मोजपट्टी एवढी हत्यारे पुरतात. लाकूड पूर्ण वाळलेले असावे. सागवान उत्तम, शिवणही फारशी पिळवटत नाही. ओले लाकूड स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण ते वाळताना सांधे उघडतात.

काच बसण्यासाठी चौकटीच्या आतील कडेस मागून खाच लागते. खाचेचा रंधा सर्वांपाशी नसतो. म्हणून पुढील युक्ती करावी. ३० मि.मी. रुंद व १० मि.मी. जाड पट्टीच्या मागे, बाहेरील कड जुळवून, २४ मि.मी. रुंद व १२ मि.मी. जाड पट्टी चिकटवावी. आतल्या बाजूस ६ मि.मी.ची खाच आपोआप तयार होते.

आता माप. चित्र ४० × ३० सें.मी. असल्यास खाचेत ३ मि.मी. मोकळीक धरून लांब बाजू ४०३ मि.मी. होते. तीत दोन्हीकडील २४ मि.मी. मिळविले म्हणजे बाहेरील लांबी ४५१ मि.मी. व त्याच रीतीने आखूड बाजू ३५१ मि.मी. येते. एकंदर पावणेदोन मीटर पट्टी घ्यावी. हे गणित मुलांकडूनच करवून घ्यावे.

खरी परीक्षा कोपऱ्यांची. प्रत्येक टोक ४५ अंशांत कापावयाचे असते आणि अशी टोके आठ. प्रत्येकात एकाच अंशाची चूक एकाच दिशेने झाली, तर तीन कोपरे जुळवून चौथ्याशी येईतो ती आठ अंशांची फट होते! म्हणून हातानेच काप घेण्याचे धाडस करू नये. तीन फळ्यांची, दोन्ही टोके उघडी असलेली पन्हळ करावी. तिची बाहेरील रुंदी असेल तेवढेच अंतर कडेवर लांबीत मोजून समोरच्या कडेशी तिरपी रेघ जोडावी. चौरसाचा कर्ण म्हणून ती ४५ अंशांचीच येते. त्या रेघेवर तळापर्यंत करवतीची चीर पाडावी. उलट दिशेची दुसरी चीरही पाडावी. प्रथम टाकाऊ तुकडे कापून गुण्यात जोडून पाहावे. समोरासमोरच्या बाजू एकमेकींस लावून तंतोतंत सारख्या कराव्यात.

कापलेले टोक गोंद शोषून घेते. म्हणून फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचा एक पातळ हात देऊन थोड्या वेळाने दुसरा द्यावा. कोपऱ्यांवर लाकडाचे ठोकळे ठेवून चौकटीभोवती सुतळीचा वेढा घालावा आणि काडीने पीळ देऊन ताणावा. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. येथे ते सुमारे ५७ सें.मी. भरतील, भूमितीचा याहून चांगला पाठ फळ्यावर होणे कठीण. दुसऱ्या दिवशी गिरमिटाने भोक पाडून मगच बारीक चुका ठोकाव्यात, नाहीतर टोक उकलते.

काचकागद घासण्याचे व जवसाचे तेल लावण्याचे काम मोठ्या मुलांस द्यावे. करवत शिक्षकांनी स्वतःच्या हाती ठेवावी. तेलाचे बोळे गुंडाळून ठेवू नयेत, ते आपोआप पेट घेतात. उन्हात पसरून वाळवावेत.

लहान मुलांच्या वर्गात काचेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकचा जाड ताव बरा. मागचा पुठ्ठा खिळ्यांनी कायमचा न ठोकता लाकडी फिरक्यांनी अडवावा, म्हणजे दरमहा चित्र बदलता येते. आणि ते नेहमी वर्गातील सर्वांत सुबक चित्रच असावे असे नाही. खालच्या कोपऱ्यांस मागून लाकडाच्या चकत्या लावाव्यात. त्यांमुळे भिंत व चौकट यांत हवा खेळते आणि पावसाळ्यातील ओल कागदापर्यंत पोचत नाही.