तळ्यात मळ्यात

जानेवारीतला रविवार, संध्याकाळचे पाच. सारसबागेच्या हिरवळीवर बसायला जागा मिळवायची, तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याची चपळाई हवी. वहिनी सतरंजी भिरकावते, आम्ही चार कोपऱ्यांवर चपला ठेवतो आणि तेवढं पुणं आमचं होतं.

डबे उघडतात. फडक्यात पोळ्यांची चळत, बटाट्याची पिवळी सुकी भाजी, दहीभात, वर तळलेली सांडगी मिरची. भाजी पार गार झालीय आणि म्हणूनच चांगली लागतेय. पोळीत गुंडाळली की कडेनं मोहऱ्या सतरंजीवर टपटपतात. सासूबाई वर्तमानपत्राच्या तुकड्यावर लोणच्याची फोड ठेवतात. तेल हळूहळू पसरतं आणि वाढदिवसाच्या जाहिरातीतला कुणी पुढारी पार आरपार दिसायला लागतो.

शेजारच्या चादरीवरचं कुटुंब स्वारगेटला उतरून थेट इथं आलंय, पिशव्यांसकट. त्यांच्यातल्या आजी धपाटं मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवतात. "घ्या ओ ताई, तीळ लावल्यात." मी झाकणात भाजी घालून देते. आजी चाखतात, काही बोलत नाहीत, नातवाला म्हणतात, "ठेचा काढ रं." कळलं काय ते.

पोरांची आता गट्टी जमलीय. चपलेनं गवतावर रेघ ओढून त्यांचा खेळ सुरू होतो, "तळ्यात! मळ्यात! तळ्यात!"

"अरे, तुम्ही सगळेच तळ्यात आहात," आमचे हे पोळीचा घास हातात धरून सांगतात. यांना इतिहास नेहमी जेवतानाच आठवतो. पण खरंच आहे ते. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं करवलं. त्यातल्या बेटावर सवाई माधवरावांनी 1784 साली गणपती बसवला. गेल्या शतकात तळं आटवून बाग केली, तरी तोंडी नाव राहिलं ते तळ्यातला गणपतीच. मधला उंचवटा म्हणजे ते बेट. पाणी उरलंय ते देवळाभोवतीच्या कमळांपुरतं.

"म्हणजे आपण आत्ता बुडालेलो असतो?" धाकटा विचारतो.

"डब्यासकट."

त्याला हे फारच आवडतं. दर्शनाला पायऱ्या चढतानाही तो नाक दाबून धरतो. गाभाऱ्यात मात्र हात आपोआप खाली येतो. बाप्पाच्या अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला टोपी. थंडीत या गणपतीला हा पोशाख असतोच. धाकटा आपली कानटोपी नीट करतो. सकाळी तीच घालायची नाही म्हणून रडला होता.

पोटं भरलीत. तरी बाहेरच्या चौपाटीवर गेल्याशिवाय सारसबाग पुरी होत नाही, हे सासूबाईंनाही मान्य आहे, फक्त आधी "घरचं आणलंय की एवढं" म्हणायचं असतं. फाटकाबाहेर पाऊल पडतं तोच मेनूकार्डं घेतलेली पोरं रस्ता अडवतात. "या ताई, पावभाजी, पिझ्झा, मटकी भेळ, बसायला जागा आहे!" पुढच्या गाड्यापाशी तेच, त्याच्या पुढच्यापाशीही तेच. माझं मत विचाराल तर पावभाजी सगळीकडे सारखीच लाल. घ्यावी ती मटकी भेळ.

भेळवाला पातेल्यात चुरमुरे उलथतो, चिंचेचं पाणी सोडतो, चमचा पातेल्यावर खणखणतो. धाकटा टाचा उंचावून विचारतो, "काका, तुमची गाडी तळ्यात की मळ्यात?"

भेळवाला मान वर करत नाही. "कांदा घालू ना?"