उचल, खाडा आणि करार

पहाटेच्या अंधारात शहापूर तालुक्यातील आसनगावच्या फलाटावर ज्या स्त्रिया कल्याण-ठाण्याच्या लोकलची वाट पाहत उभ्या असतात, त्यांत भाजीच्या पाट्या घेतलेल्या असतात, तशाच एक कापडी पिशवी खांद्याला लावून परक्यांची धुणी-भांडी उरकण्यास निघालेल्याही असतात. मुरबाडकडे, जेथे रेल्वे अद्याप पोहोचलेली नाही, हेच काम एस.टी.च्या भरवशावर चालते. अशी बाई कामास लावताना आपण तिच्या प्रामाणिकपणाची जितकी बारीक चौकशी करतो, तितकी स्वतःच्या दायित्वाची करीत नाही.

या मुलुखात त्या दायित्वाचा विचार उचलीपासूनच आरंभावा लागतो. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या रकमेपोटी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्या घरी व शेतावर राबावे, ही ‘लग्नगडी’ची प्रथा ठाणे जिल्ह्यातील आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलेली आहे. शहापूरच्या हद्दीपासून फार दूर नसलेल्या टिटवाळ्यास जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली आणि तेथून परतलेल्या वारल्यांनी वेठ नाकारली. कायद्याने वेठबिगारीचे उच्चाटन मात्र १९७६ साली झाले. त्या कायद्यान्वये, कर्जापोटी विनामोबदला किंवा नाममात्र मोबदल्यावर राबावे लागत असेल, अथवा दुसरीकडे काम धरण्याची मोकळीक हिरावली जात असेल, तर ते वेठबिगारीचे कर्जच रद्दबातल ठरते आणि राबविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी बाईने उचल मागितली तर ती अवश्य द्यावी, रक्कम दोघांच्या वहीत टिपावी. पण फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही, ही अट चुकूनही घालू नये.

अलीकडे माळरानांवर उठलेल्या फार्महाऊसांत तर एक निराळाच अन्याय अंगवळणी पडला आहे. राखणीस जोडपे ठेवले जाते, मुशाहिरा ठरतो तो नवऱ्याचा, आणि बायकोने आवार झाडणे, फरशी पुसणे, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी चुलीवर भाकऱ्या थापणे हे सारे राहावयास दिलेल्या एका खोलीच्या मोबदल्यात धरले जाते. तिचे काम निराळे आहे, तेव्हा तिचा पगारही निराळा ठरावा आणि तिच्याच हाती पडावा. चौदा वर्षांखालील मुलीस ‘वरकामाला’ ठेवणे तर ऑक्टोबर २००६ पासून गुन्हाच आहे.

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. अठरा ते साठ वयाच्या कामगारास त्याखाली नोंदणी करता येते. अपघात, प्रसूती, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी यांसाठी साहाय्याची तरतूद त्यात आहे. नोंदणीच्या अर्जास मालकाचा दाखला लागतो, आणि नेमक्या तेथेच पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांचा हात आखडतो. ही बाई आमच्याकडे काम करते, एवढे सत्य लिहून देण्यात भिण्यासारखे काय आहे? लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही घरकामगार स्त्रीला लागू असून, तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

राहता राहिला खाडा. पुण्याच्या मोलकरणींनी १९८० साली संप पुकारून पगारवाढ व भरपगारी रजा मागितली, तरी आजही बहुतेक घरांत रजेचा करार होत नाही, फक्त खाडे मोजले जातात. आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर आई खाड्यांच्या फुल्या मारी, आणि कामाच्या मावशी आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर. एका महिन्यात आमच्याकडे तीन फुल्या भरल्या, मावशींकडे दोनच. दोन्ही कागद ओट्यावर शेजारी शेजारी पसरून पाहिले तेव्हा उमगले, की तिसऱ्या दिवशी आम्हीच गावी गेलो होतो आणि मावशी कुलूप पाहून परतल्या होत्या. आईने ती फुली खोडली, त्या दिवसाचे पैसे मोजून दिले, आणि पुढच्या पानावर, आम्ही गावी जाणार होतो त्या तारखांना, आधीच ‘पगारी’ असे लिहून ठेवले.