पैठण ते नागसेनवन : परंपरा आणि परिवर्तन

समाज बदलावयाचा तर जुन्यातले किती राखावे आणि किती टाकावे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या राजकीय विचारात शतकाहून अधिक काळ चर्चिला गेला आहे. या चर्चेच्या दोन खुणा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच आहेत. एक, शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरील, संत एकनाथांचे पैठण. आणि दुसरी, शहरातील नागसेनवन.

रानडे यांची भूमिका

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील आपला इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध केला. संतांनी धर्मज्ञान लोकभाषेत आणले, जातिभेदाची तीव्रता कमी केली आणि त्यातूनच स्वराज्याची भूमी तयार झाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंपरा ही मुळातच बदलत आलेली आहे. म्हणून सुधारणा म्हणजे परंपरेचा त्याग नव्हे, तर तिच्यातील उत्तम अंशाचा विस्तार होय, असा त्याचा मथितार्थ.

सर्वांना हे मान्य नव्हते. १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या आगरकरांना ग्रंथप्रामाण्यापेक्षा बुद्धिप्रामाण्य श्रेष्ठ वाटे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा १० वरून १२ वर्षे केली, तेव्हा परकीय सरकारने आपल्या सामाजिक आचारात हात घालू नये, अशी भूमिका लोकमान्य टिळकांनी घेतली.

डॉ. आंबेडकरांचा आक्षेप

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रश्नाच्या मुळाशीच हात घातला. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हा त्यांचा निबंध १९३६ चा. त्यावरील गांधीजींच्या टीकेस उत्तर देताना त्यांनी म्हटले की, संतांनी ईश्वरापुढील समता सांगितली. माणसामाणसांतील समतेसाठी जातिसंस्थेशी लढा दिला नाही. तथापि १९४८ मधील अस्पृश्यतेविषयीचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. संतांविषयीचा आदर आणि त्यांच्या विचाराच्या मर्यादेची जाणीव यांत त्यांना विसंगती वाटली नाही.

परंपरेचा हा शोध त्यांना बुद्धापर्यंत घेऊन गेला. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे काढलेल्या महाविद्यालयास मिलिंद हे नाव मिळाले, त्यामागेही हीच दृष्टी होती. मिलिंद राजाने प्रश्न विचारावेत आणि भिक्षू नागसेनाने उत्तरे द्यावीत, हा त्या प्राचीन संवादाचा विषय. नागसेनवन हे नावही त्यातीलच. निर्भयपणे प्रश्न विचारण्याची ही परंपरा त्यांनी नव्या पिढीच्या हाती दिली.

नामांतराची कसोटी

या विचारांची खरी कसोटी पुढे लागली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला. ‘मराठवाडा’ हे नाव निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याशी आणि प्रदेशाच्या अस्मितेशी निगडित आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. परंतु विरोध शब्दांपुरता राहिला नाही. दलित वस्त्या जाळण्यात आल्या, काहींना प्राणास मुकावे लागले, अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. अखेर सुमारे साडेपंधरा वर्षांनंतर, १४ जानेवारी १९९४ रोजी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. प्रादेशिक स्मृती कायम राहिली आणि समतेच्या प्रणेत्याचे नावही जोडले गेले.

राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करीत आहोत, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. त्याची सत्यता मराठवाड्यातील जळालेल्या घरांनी दाखवून दिली. ठराव सभागृहात एका दिवसात संमत होतो. तो गावाच्या वेशीपर्यंत पोचण्यास मात्र मनपरिवर्तनाची जोड लागते. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने तिच्या नावाने कोणावर अन्याय होतो आहे, हे पाहावे. परिवर्तनाची आस धरणाऱ्याने लोकांच्या स्मृतींशी संवाद ठेवावा. पैठण आणि नागसेनवन यांमधील अंतर अशा संवादानेच कमी होईल.