२५ वा विद्यार्थी महाग का पडतो? एका ईएमटी कोर्सचं गणित



ट्रेनिंग इन्स्टिट्यूट काढायची म्हटलं की आपल्या डोक्यात पहिलं गणित येतं ते असं: एक हॉल, एक प्रोजेक्टर, एक सर आणि जितकी डोकी तितकी फी. टॅली, स्पोकन इंग्लिश, स्पर्धा परीक्षा, या विषयांत ते बऱ्यापैकी चालतंही. चाळीसच्या जागी साठ जण बसले तरी सरांचं मानधन तेच, वरचे वीस म्हणजे निव्वळ नफा. पण ज्या कोर्समध्ये हाताला शिकवायचं असतं, तिथे हे गणित फसतं. या आठवड्याच्या व्हिडिओत त्यासाठी मी अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजमधल्या ईएमटी कोर्सचं उदाहरण घेतलं. तिथे वेळ कमी पडला, म्हणून इथे नीट मांडतो.

ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. अॅम्ब्युलन्समधून येणारा, डॉक्टर नसलेला पण प्रशिक्षित माणूस. रक्तस्राव थांबवणं, श्वास चालू ठेवणं, सीपीआर, हाड मोडलं तर आधार बांधणं, वेळ आली तर रस्त्यातच बाळंतपण पार पाडणं, ही त्याची कामं. आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे तिथलं स्थानिक, कमी फीचं, दोन वर्षांपर्यंतचं शिक्षण देणारं सरकारी कॉलेज. आज तिकडे अशी हजाराच्या आसपास कॉलेजं आहेत. ईएमटी कोर्सला ही जागा अगदी फिट बसते, कारण शिकणारे आसपासचेच असतात आणि पुढे नोकरीही बहुतेक आसपासच करतात.

थोडा इतिहास सांगतो, कारण मागणी कुठून आली हे कळल्याशिवाय धंदा कळत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत अनेक ठिकाणी अॅम्ब्युलन्स कोण चालवायचं माहीत आहे? अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपन्या. गाडीत माणूस आडवा मावतो, एवढीच पात्रता! १९६६ मध्ये तिथल्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसचा अहवाल आला. अपघातात माणसं मरतात आणि वाटेत त्यांना धड उपचार मिळत नाहीत, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. १९६७ मध्ये पिट्सबर्ग शहरात फ्रीडम हाऊस नावाची अॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. ज्यांना कोणी नोकरी देत नव्हतं अशा कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर साफार यांनी महिनोन्‌महिने शिकवून तयार केलं. सामान्य माणसाला नीट शिकवलं तर तो रस्त्यावर जीव वाचवू शकतो, हे त्या पोरांनी करून दाखवलं. १९७० मध्ये राष्ट्रीय पातळीवर परीक्षा घेणारी आणि नोंदणी करणारी संस्था उभी राहिली, तिला नॅशनल रजिस्ट्री म्हणतात.

आता मुद्द्याकडे. हा कोर्स साधारण एका सेमिस्टरचा, १५० ते २०० तासांचा असतो. पुस्तकी भाग, प्रॅक्टिकल लॅब, आणि शिवाय हॉस्पिटलमध्ये किंवा अॅम्ब्युलन्सवर प्रत्यक्ष हजेरी. शिकवणारे बहुतेक जण पूर्णवेळ प्राध्यापक नसतात. दिवसा किंवा रात्री अॅम्ब्युलन्सवर, अग्निशमन दलात ड्युटी करणारे पॅरामेडिक तासावर येऊन शिकवतात. म्हणून तर वर्ग संध्याकाळी नाहीतर शनिवार-रविवारी भरतात.

समजा, तुम्ही असा एक वर्ग चालवताय. ९० तास लेक्चर, ७० तास लॅब. लेक्चरला एक इन्स्ट्रक्टर पुरतो, पण लॅबमध्ये सहा विद्यार्थ्यांमागे एक लागतो. (राज्याप्रमाणे आणि कॉलेजप्रमाणे हा आकडा कमीजास्त असतो, मी इथे सहा धरतो.) विद्यार्थी २४ असतील तर लॅबला चार इन्स्ट्रक्टर. म्हणजे तुम्ही मानधन देणार ते १६० तासांचं नाही. ते होतं ९० अधिक ४ गुणिले ७०, एकूण ३७० तासांचं. दर विद्यार्थ्यामागे साधारण साडेपंधरा तास.

आता पंचविसावा विद्यार्थी येतो. हातात रोख फी घेऊन येतो, आणि आपण काय करतो? "या या, बसा!" पण त्याच्यासाठी पाचवा इन्स्ट्रक्टर लागला. एका माणसापायी ७० तासांचं मानधन वाढलं, एकूण ४४० झाले. त्याच्या एकट्याच्या फीमधून ते निघणार आहे का? पुढे तीस झाले की पुन्हा गणित जुळतं. म्हणजे प्रवेश उघडताना सहाच्या पटीत विचार करायचा. २४ भरले की यादी बंद, आणि बाकीच्यांना वेटिंगला ठेवायचं. पाच-सहा जमले तरच पुढचा गट. उलटही लक्षात घ्या. मध्येच चार जणांनी कोर्स सोडला तर फी गेली, पण इन्स्ट्रक्टर चारच राहिले.

मग इथे मोह होतो. पंचविसावा राहू दे, चाळिसावाही घेऊ, सहाऐवजी बारा जणांचा गट करू, कोणाला कळतंय? कळतं. कसं ते बघा. लॅबचं एक सत्र तीन तासांचं, म्हणजे १८० मिनिटं. अपघातग्रस्ताची तपासणी हा सराव दहा मिनिटांत संपवायचा असतो, त्यावर पाच मिनिटं चुका सांगायला. पंधरा मिनिटांची एक पाळी, सत्रात बारा पाळ्या. सहा जणांचा गट असेल तर प्रत्येकाला दोन पाळ्या मिळतात. पहिल्या पाळीत चुकतो, दुसऱ्या पाळीत सुधारतो. बारा जणांचा गट केला की प्रत्येकाला एकच. चुकला आणि घरी गेला. शिकणं जे होतं ते त्या दुसऱ्या पाळीत होतं, आणि तुम्ही नेमकी तीच विकून खाल्लीत.

हे फक्त कागदावरचं नाही. श्वास बंद पडलेल्या माणसाला पिशवी-मास्कने हवा द्यायची, हे बघायला अगदी सोपं वाटतं. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे, हनुवटी वर ओढली पाहिजे, मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास, छाती उचललेली दिसेल इतकाच. नवा माणूस घाबरतो आणि भराभर पिशवी दाबत सुटतो. हवा पोटात जाते, उलटी होते, ती फुप्फुसात जाऊ शकते. हे लेक्चरमध्ये सांगून जात नाही. शेजारी कोणीतरी उभं राहून "हळू, हळू, आकडे मोज" म्हणावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. हे कसलं कौशल्य आहे हे विसरू नका: ज्याच्यावर ते वापरायचं, तो माणूस तक्रार करायलाही शुद्धीवर नसतो.

या कोर्समधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचा तपासणी कागद. प्रत्येक कौशल्याचे छोटे छोटे टप्पे पाडलेले, प्रत्येक टप्प्याला गुण, आणि खाली घातक चुकांची वेगळी यादी. त्यातली एक जरी झाली तरी बाकी गुण कितीही असोत, नापास. हातमोजे वगैरे स्वतःच्या संरक्षणाची काळजी घेतली नाही? नापास. म्हणून तिथली पोरं प्रत्येक सराव एकाच वाक्याने सुरू करतात, "मोजे घातले, जागा सुरक्षित आहे." पाठ होतं अगदी, झोपेत विचारलं तरी सांगतील. धंद्याच्या दृष्टीने या कागदाचा फायदा असा की चार वेगवेगळे इन्स्ट्रक्टर असले तरी शिकवणं एकसारखं राहतं. तुमचा ब्युटी पार्लरचा क्लास असो की मोबाइल रिपेअरिंगचा, असा कागद आधी बनवा आणि मगच दुसरा शिक्षक ठेवा.

कोर्स संपला की नॅशनल रजिस्ट्रीची परीक्षा. कॉम्प्युटरवर, दोन तासांची. उत्तरं जशी येतील तसे पुढचे प्रश्न अवघड-सोपे होतात. कोणाला ७० प्रश्नांत सुट्टी मिळते, कोणाला १२० सोडवावे लागतात. तीनदा नापास झाला तर उजळणीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय पुन्हा बसता येत नाही. आणि हा पेपर कॉलेज काढत नाही! शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात किती पास झाले हा आकडाच कॉलेजची जाहिरात ठरतो. आपल्याकडे आपणच शिकवतो, आपणच परीक्षा घेतो आणि शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स आपणच लावतो. ग्राहक आता एवढा भोळा राहिलेला नाही.

मग तुम्ही विचाराल, "सर, महाराष्ट्रात ईएमटी कोर्स काढू का?" आधी नोकरी देणारा कोण ते बघा. आपल्याकडे १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ अॅम्ब्युलन्स घेऊन सुरू झाली आणि तिच्यात पायलट, म्हणजे चालक, आणि सोबत डॉक्टर अशी रचना ठेवली गेली. शेजारच्या गुजरातेत १०८ वर ईएमटी बसतात. म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी नोकरी इकडे त्याच रूपात नाही. खासगी अॅम्ब्युलन्स आणि हॉस्पिटलं उरतात. शिवाय आरोग्य क्षेत्रातल्या अशा व्यवसायांचं शिक्षण आणि नोंदणी २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली येते. मान्यता न घेता गाळा भाड्याने घेऊन "पॅरामेडिकल डिप्लोमा" असा बोर्ड लावायचा विचारही करू नका. एखाद्या आईने गळ्यातलं मोडून फी भरलेली असते, आणि पोराच्या हातात येतो तो कागद कुठेच चालत नाही.

छोट्या माणसासाठी दरवाजा आहे तो प्रथमोपचार आणि सीपीआर प्रशिक्षणाचा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातली रचना बघा: एका वेळी कामावर असणाऱ्या दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी, प्रत्येक पेटीला वेगळा जबाबदार माणूस, त्याच्याकडे राज्य सरकारने मान्य केलेलं प्रमाणपत्र, आणि तो कामाच्या वेळात कायम हाताशी हवा. ३०० कामगारांची एक शिफ्ट, अशा तीन शिफ्ट, म्हणजे कमीत कमी सहा माणसं. साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरल्या तर जास्तच. आता नव्या कामगार संहितांमुळे नियम बदलतायत, म्हणून कोटेशनमध्ये कलम लिहिण्याआधी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा ताजा नियम बघून घ्या. प्रमाणपत्रही आपलं घरचं चालणार नाही. रेडक्रॉस, सेंट जॉन अॅम्ब्युलन्स अशा मान्य संस्थेशी आधी जोडून घ्या, त्यांच्या अटीप्रमाणे स्वतः प्रशिक्षक व्हा.

आणि कोटेशन माणशी देऊ नका, गटावर द्या. "बारा जणांचा एक गट, दोन प्रशिक्षक, चार सीपीआर पुतळे, एक दिवस, इतके रुपये. तेराव्या माणसापासून दुसरा गट धरला जाईल." एचआरवाले हमखास म्हणतील, "अहो, हॉलमध्ये पन्नास बसतात की!" तेव्हा त्यांना वरचं पाळ्यांचं गणित कागदावर मांडून दाखवा. त्यात पुतळ्यांच्या बदलायच्या फुप्फुस-पिशव्या, सॅनिटायझर, हातमोजे, बँडेज आणि टेम्पोचं भाडं धरायला विसरू नका. नवीन माणूस कोटेशन देताना बहुतेक वेळा हेच खर्च सोडतो.