खिंडीच्या माथ्यावरचा मुक्काम

शेफील्ड आणि मँचेस्टर या दोन उद्योगनगरींच्या मधोमध इंग्लंडचा जो डोंगराळ मुलूख पसरला आहे, आणि ज्याला १९५१ साली ब्रिटनमधील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्या पीक डिस्ट्रिक्टच्या अरुंद रस्त्यांवर रविवारी सकाळी सायकलस्वारांचे लहानमोठे तांडे दिसू लागतात. ही वहिवाट फार जुनी आहे. १८७८ साली हॅरोगेट येथे स्थापन झालेल्या व पुढे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब या नावाने विख्यात झालेल्या संस्थेने धोक्याच्या उतारांवर इशाऱ्याचे फलक लावले, सभासदांना रास्त दरात उतरता यावे म्हणून खेडोपाडीच्या खानावळींशी करार केले आणि त्यांच्या भिंतींवर पंख फुटलेल्या चाकाचे आपले चिन्ह बसविले. १८९४ साली बर्मिंगहॅम येथे रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ या समाजवादी पत्राच्या वाचकांनी आपला निराळा क्लब काढला; आठवडाभर कारखान्याच्या धुरात राबणाऱ्या माणसाला सृष्टिसौंदर्याचा हक्क मिळवून देणारे ते एक खरेखुरे लोकशिक्षण होते, असे मला वाटते.

सहलीचा बंदोबस्त साधा असतो. मार्ग व चाल ठरविण्याचा जिम्मा एका म्होरक्याकडे, आणि कोणी मागे राहू नये म्हणून सर्वांत शेवटी एक अनुभवी स्वार. खड्डा आला की पुढचा हाताने खूण करतो, मोटार आली की आरोळी देतो, आणि ती सूचना एकाकडून दुसऱ्याकडे अशी शेपटापर्यंत पोहोचते. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने चालले असता वाऱ्याचा रोध पुष्कळ कमी होतो, म्हणून दुबळा स्वारही जमावाच्या आधाराने बलवानाबरोबर राहू शकतो. आणि दक्षिणेकडील फिकट चुनखडीच्या, चुन्यावाचून रचलेल्या कुंपणभिंतींमधून जाताना गप्पांनाही खंड पडत नाही.

कॅसलटन गाव मागे पडले आणि विनॅट्सची खिंड समोर उभी राहिली की मात्र हे सारे पालटते. दोन्ही बाजूंस चुनखडीचे उंच कडे, मध्ये चिंचोळा रस्ता, आणि चढ असा की काही ठिकाणी शंभर फूट पुढे जाताना वीस फुटांहून अधिक उंची गाठावी लागते. याहून सौम्य चढणीचा एक जुना रस्ता शेजारच्या मॅम टॉर डोंगराच्या कुशीतून जात असे. परंतु या डोंगराच्या ठिसूळ थरांची घसरण कधीच न थांबल्याने, वारंवार दुरुस्ती करूनही अखेर १९७९ साली तो वाहनांना कायमचा बंद करावा लागला. त्याची भेगाळलेली, खचलेली डांबरी पृष्ठे आजही पाहता येतात.

खिंडीत स्वाराचा वेग पादचाऱ्याइतका उरतो. इतक्या मंद गतीला वाऱ्याचा रोध नगण्य, म्हणून आडोशाचा उपयोगही नाहीसा होतो. प्रत्येकाला आपला व आपल्या यंत्राचा भार स्वतःच्याच पायांनी उचलावा लागतो. लहानात लहान गिअर घालूनही कित्येकांचा श्वास अपुरा पडतो, काहीजण उतरून चालू लागतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. तांडा असा विस्कळित होणे हा निसर्गनियमच आहे. म्हणूनच माथ्यावर सर्वांनी थांबायचे, हा शिरस्ता अशा सहलींत पडला.

या शिरस्त्यात एक बारीक अन्याय दडू शकतो, आणि त्याबद्दल मला कळकळीने लिहावेसे वाटते. जो प्रथम पोहोचला त्याला दहा मिनिटांची विश्रांती आपोआप मिळते. जो शेवटी पोहोचला, तो आला रे आला की निघण्याचा हुकूम सुटला, तर ज्याला तिची सर्वाधिक गरज त्यालाच विश्रांती उरत नाही, आणि पुढील चढावर तो अधिकच मागे पडतो. जाणता म्होरक्या म्हणून अखेरचा स्वार आल्यावर घड्याळ नव्याने लावतो; त्याला पाणी पिऊ देतो, दोन घास खाऊ देतो, चहाचे पुढले ठिकाण किती मैलांवर आहे हे त्याच्याजवळ जाऊन सांगतो, आणि रस्त्यावर मोकळ्या हिंडणाऱ्या मेंढ्यांची सर्वांना आठवण देऊन, अंतर राखून उतरण्याची ताकीद केल्यावरच इशारा करतो.