दहावीचे इंग्रजी : ऐकणे आणि वाचणे

- मंडळ : सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात.
- सुरुवात : राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० पासून. दहावीत मराठी माध्यमाला ती तृतीय भाषा.
- गुण : एकूण १००. लेखी ८०, वेळ ३ तास. उरलेले २० गुण श्रवण व संभाषणाच्या तोंडी परीक्षेचे; ती शाळेतच होते.
- वाचन : पाठ्यपुस्तकातील उतारे, कविता आणि पुस्तकाबाहेरचा अपरिचित उतारा.
- वाचनाचे दोन प्रकार : स्किमिंग म्हणजे भरभर नजर फिरवून उताऱ्याचा आशय पकडणे. स्कॅनिंग म्हणजे नाव, साल, आकडा असा नेमका तपशील शोधणे.
- श्रवणाचे दोन प्रकार : सारांशासाठी ऐकणे आणि तपशिलासाठी ऐकणे. दुसऱ्यात प्रश्न आधी वाचून ठेवल्यास उत्तर टिपणे सोपे जाते.
- सैनिक स्कूल, सातारा : स्थापना १९६१. नववीच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. सर्व प्रश्न बहुपर्यायी. श्रवण चाचणी नाही.
- आयईएलटीएस : परदेशी शिक्षणासाठीची परीक्षा. श्रवणाचे ४० प्रश्न, सुमारे ३० मिनिटे. ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. वाचनाचे ४० प्रश्न, ६० मिनिटे.
- मुख्य फरक : उतारा पुन्हा वाचता येतो. ऐकलेले वाक्य निघून जाते, म्हणून ऐकताना मोजक्या शब्दांत टिपण घेण्याचा सराव लागतो.